छापखान्यात जन्मलेलं जलचिन्ह

कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरला मॉर्फिन किंवा ऑक्सिकोडोनसारखं नियंत्रित औषध कागदावर लिहून द्यायचं असेल, तर साधं लेटरहेड चालत नाही. त्या कागदावर काय काय असलं पाहिजे याची यादीच तिथल्या आरोग्य आणि सुरक्षा संहितेच्या १११६२.१ या कलमात दिलेली आहे. झेरॉक्स काढली तर प्रतीवर ‘व्हॉइड’ हा शब्द उमटला पाहिजे. रसायन लावून अक्षरं पुसायला गेलं तर कागदाने चुगली केली पाहिजे. एखादा मजकूर उष्णतेने रंग बदलणाऱ्या शाईत हवा. आणि कागदाच्या पाठीवर ‘कॅलिफोर्निया सिक्युरिटी प्रिस्क्रिप्शन’ या शब्दांचं जलचिन्ह छापलेलं हवं.

कागदाच्या धंद्यात केस पिकलेल्या माणसाला ही शेवटची अट वाचून हसू येईल. जलचिन्ह छापत नसतात. लगदा ओला असतानाच ते कागदाच्या अंगात उतरवावं लागतं. कागद सुकून त्याचा ताव झाला की ती वेळ गेली. तरीही आज चेक, प्रमाणपत्रं, गिफ्ट व्हाउचर, कार्यक्रमांची तिकिटं यांवर उजेडात किंवा तिरकं धरून दिसणाऱ्या खुणांपैकी पुष्कळशा छापखान्यातच तयार होतात, तयार कागदावर, खास शाईने. या व्यवसायात त्यांना कृत्रिम वॉटरमार्क म्हणतात. कायदा त्यांना मान्यता देतो, टपाल खात्यांनी त्या वापरून पाहिल्या आहेत, आणि बनावट नोटा करणारेही याच वाटेने जातात.

लगदा ओला असताना

कागद म्हणजे पाण्यात कुटून मोकळे केलेले वनस्पतींचे तंतू. हा पातळ लगदा जाळीवर पसरला की पाणी खाली गळतं आणि तंतू एकमेकांत अडकून त्यांचा थर बनतो. जाळीवर तारेची एखादी आकृती शिवलेली असेल, तर तेवढ्या जागी थर पातळ बसतो. सुकल्यावर कागद टेबलावर ठेवून पाहिला तर काही कळत नाही; खिडकीशी धरला की पातळ भागातून जास्त उजेड येतो आणि आकृती उजळते. इटलीतल्या फाब्रियानो गावात तेराव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ती रुळली. सर्वांत जुन्या ज्ञात जलचिन्हाचं साल १२८२ मानलं जातं. तेव्हा ती फक्त कारागिराची खूण होती. हा कागद कुणाच्या साच्यातून निघाला, एवढंच ती सांगायची.

कागद यंत्रावर होऊ लागल्यावर ही खूणही यंत्रावर आली. इंग्लंडमध्ये १८२६ साली जॉन मार्शल यांनी ‘डँडी रोल’ आणला. ओल्या कागदावरून फिरणारा हा जाळीचा रूळ. त्याच्यावर उठावाची अक्षरं बसवलेली असतात. चांगल्या बॉण्ड पेपरवर गिरणीचं नाव उजेडात वाचता येतं, ते याच रुळामुळे.

नोटांच्या कागदाला याहून नाजूक काम लागतं. तिथे गोल साच्याच्या जाळीतच उंचसखल चित्र ठोकलेलं असतं. खोलगट जागी तंतू जास्त साचतात आणि तो भाग उजेडात गडद दिसतो; उंच जागी ते कमी साचतात आणि तो भाग फिका दिसतो. आपल्या नोटेच्या कोऱ्या भागात महात्मा गांधींचा चेहरा दिसतो. त्यातला छायाप्रकाश असा कमी-अधिक तंतूंनी साधलेला आहे. तिथे शाईचा थेंबही नाही. शेजारी नोटेच्या किमतीचा उजळ आकडा दिसतो, तो जाळीवर धातूचा पातळ आकार बसवून काढलेला असतो.

पैशाशी जलचिन्हाचं नातं जुनं आहे. बँक ऑफ इंग्लंड १६९४ मध्ये सुरू झाली आणि तीनच वर्षांत, १६९७ मध्ये, तिच्या नोटांना जलचिन्हाचा कागद आला. १७२४ पासून या कागदाचं काम हेन्री पोर्टल यांच्याकडे गेलं; हॅम्पशायर परगण्यात लेव्हरस्टोकला त्यांची गिरणी होती. १८६१ च्या कायद्यानंतर हिंदुस्थान सरकारने स्वतःच्या नोटा काढल्या, तेव्हा त्यांचा हातसाच्याचा कागदही लेव्हरस्टोकहूनच आला. राणी व्हिक्टोरियाचं चित्र असलेल्या त्या नोटा एकाच बाजूने छापलेल्या होत्या, आणि ‘गव्हर्न्मेंट ऑफ इंडिया’, ‘रुपीज’ ही अक्षरं, दोन सह्या आणि नागमोडी रेषा कागदाच्या आत होत्या.

इंग्लंडमध्ये १७७३ साली तर असा कायदा झाला की बँकेचं जलचिन्ह कागदात उतरवणाऱ्याला फाशी. त्यानेही सगळे थांबले नाहीत. १७७९ मध्ये मॅथिसन नावाच्या माणसावर लंडनमध्ये खटला चालला. त्याच्या बनावट नोटांवर जलचिन्हही होतं आणि ते त्याने कसं साधलं हे बँकेला उमगत नव्हतं. जीव वाचवलात तर गुपित सांगतो, असा सौदा त्याने पुढे केला. बँकेने तो नाकारला आणि मॅथिसन फासावर गेला. चार्ल्स प्राइस या दुसऱ्या बिलंदराने तर कागद, शाई आणि छपाईचे ठसे असं सगळंच घरी केलं होतं. त्या काळात नोटेची भीती होती ती अशा माणसाची, ज्याला कागद करता येतो.

कागदातली हवा

छापलेलं जलचिन्ह समजून घ्यायचं, तर आधी कागद पांढरा का दिसतो हे पाहावं लागतं. त्याचं उत्तर तंतूंमध्ये जेवढं आहे, त्याहून जास्त तंतूंमधल्या हवेत आहे.

सेल्युलोजचा एकटा तंतू जवळजवळ रंगहीन आणि पारदर्शक असतो. त्याचा अपवर्तनांक सुमारे दीड, हवेचा एक. प्रकाश हवेतून तंतूत आणि तंतूतून पुन्हा हवेत जाताना प्रत्येक सीमेवर थोडा मागे फिरतो, थोडा वळतो. कागदाच्या जाडीत अशा असंख्य सीमा असतात. त्यांवर आपटून विखुरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांकडे परत येतो, म्हणून कागद पांढरा दिसतो आणि त्याच्या आरपार दिसत नाही.

आता त्या पोकळ्यांतली हवा काढून तिथे दुसरं काही भरलं तर? गाडीवरून वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधून आणलेला वडा उलगडला की हा प्रयोग समोर दिसतो. तेल मुरलेल्या जागी कागद काचेसारखा होतो आणि पलीकडच्या पानावरची जाहिरात अलीकडून वाचता येते. खाद्यतेलाचा अपवर्तनांक सुमारे १.४७, म्हणजे सेल्युलोजच्या अगदी जवळचा. सीमा तिथेच असतात, पण प्रकाशाला त्या जाणवत नाहीत आणि तो सरळ पार निघून जातो. पाण्याने भिजलेला कागदही थोडा पारदर्शक होतो, पण पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्यामुळे परिणाम अर्धवट राहतो, आणि पाणी उडून गेलं की कागद पहिल्यासारखा होतो.

हे ज्ञान नवं नाही. काच परवडत नसे तेव्हा युरोपात खिडक्यांना तेल लावलेला कागद लावत. नकाशे गिरवायचा कागद तेल किंवा राळ मुरवून करत. आपल्याकडचा बटर पेपर त्याच कुळातला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत खिडकीची पाकिटं आली, तेव्हा काही कारखाने पत्त्याच्या जागी वेगळा कागद चिकटवण्याऐवजी पाकिटाचाच तेवढा भाग रसायनाने पारदर्शक करत. एवढ्या मोठ्या चौकोनाच्या जागी एखादं बोधचिन्ह किंवा नाव छापलं, की उजेडात धरल्यावर ते जलचिन्हासारखंच उजळून दिसतं. पहिल्या प्रकारच्या कृत्रिम जलचिन्हाचं तत्त्व एवढंच आहे.

मुरणारी शाई

तत्त्व सोपं असलं तरी तेलाने काम भागत नाही. तेल पसरत राहतं, आकृतीच्या कडा फुगतात, कागदाला वास लागतो, गठ्ठ्यातल्या शेजारच्या तावाला डाग पडतो आणि काही काळाने सगळं पिवळं पडतं. म्हणून या शाईकडून परस्परविरोधी गोष्टी मागितल्या जातात. ती पातळ असावी, म्हणजे कागदात खोल जाईल. पण आखून दिलेल्या रेषेबाहेर तिने जाऊ नये. ती आत मुरावी, पण आत गेल्यावर हलू नये. तिला स्वतःचा रंग नसावा आणि पुढे येऊही नये.

जुन्या पद्धतीत मेण, राळ आणि विद्रावक यांचं मिश्रण वापरत. विद्रावक उडून गेला की राळ पोकळ्यांत राहायची. आता पुष्कळ ठिकाणी अतिनील दिव्याखाली घट्ट होणारी रसायनं वापरतात. त्यांत उडून जाणारा भाग जवळजवळ नसतो, त्यामुळे जेवढं आत गेलं तेवढं आतच राहतं आणि घट्ट होतं. मात्र छपाई आणि दिवा यांच्यामधल्या क्षणांना फार महत्त्व येतं. दिवा लगेच लागला तर शाई वरच सुकते आणि जलचिन्हाऐवजी व्हार्निशचा डाग दिसतो. उशीर झाला तर ती आडवी पसरते. काही छापखाने दोन्ही बाजूंनी तीच आकृती छापतात, म्हणजे शाई मध्यावर येऊन भेटते आणि खूण अधिक स्वच्छ दिसते. त्यासाठी पुढची आणि मागची आकृती तंतोतंत एकमेकींवर यावी लागते.

सगळा खेळ शेवटी कागदावर येऊन ठेपतो. आर्ट पेपरवर ही शाई चालत नाही, कारण वरच्या लेपामुळे ती आत शिरतच नाही. बॉण्ड किंवा मॅपलिथोसारखा लेप नसलेला कागद लागतो, तोही फार जाड नको. शिवाय त्यात भराव किती आणि कुठला आहे हे पाहावं लागतं. कागद अधिक पांढरा आणि अपारदर्शक व्हावा म्हणून गिरण्या त्यात चिनी माती, चुन्याची पूड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड घालतात. पहिल्या दोघांचा अपवर्तनांक सेल्युलोजपासून फार लांब नाही. टायटॅनियम डायऑक्साइडचा मात्र अडीचच्या पुढे जातो. त्याचे कण आत असतील तर पोकळ्या कितीही भरल्या तरी प्रकाश त्या कणांवर विखुरतच राहतो आणि खूण मंद पडते. लेझर प्रिंटरमध्ये जाणाऱ्या कागदाची आणखी एक अडचण असते. तिथला तापलेला रूळ मेणाची खूण वितळवू शकतो, म्हणून अशा कागदासाठी उष्णतेला टिकणारी शाई निवडावी लागते.

दुसरा प्रकार याच्या अगदी उलट आहे. यात शाईने आत जायचं नसतं, वरच बसायचं असतं. पांढऱ्या कागदावर पांढरी किंवा पूर्ण पारदर्शक, पण कागदापेक्षा वेगळी चमक असलेली शाई छापतात. कागद समोर सपाट धरला तर काहीच दिसत नाही. तिरका करून दिव्याखाली फिरवला की चमक बदलते आणि अक्षरं वर येतात. अमेरिकेतल्या पुष्कळ चेकच्या पाठीवर ‘तिरकं धरून पाहा’ अशी सूचना असते, ती याच खुणेसाठी. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातली पाठीवरची अक्षरंही अशीच साधतात. ही छपाई नेहमीच्या ऑफसेट यंत्रावर होऊ शकते. वेगळी प्लेट आणि वेगळी शाई एवढंच लागतं. लेपाच्या कागदावरही ती जमते. उजेडात धरून पाहणाऱ्याला मात्र इथे काही मिळत नाही, कारण शाईने कागदाच्या आत काहीच बदललेलं नसतं.

संगणकावर मजकुराच्या मागे फिकट करड्या रंगात ‘गोपनीय’ किंवा संस्थेचं चिन्ह टाकतात, त्यालाही सर्रास वॉटरमार्क म्हणतात. ते शोभेचं काम करतं. सुरक्षेला त्याचा उपयोग नाही, कारण कुठल्याही झेरॉक्स यंत्रावर ते जसंच्या तसं उतरतं.

झेरॉक्स आल्यावर

खरं जलचिन्ह असताना ही खटपट कशासाठी? पहिलं कारण पैसा. एखाद्या संस्थेला स्वतःचं जलचिन्ह हवं असेल तर तिच्यासाठी वेगळा रूळ करावा लागतो आणि गिरणीचं यंत्र त्या एकट्या मागणीसाठी लावावं लागतं. गिरणी हे काम टनांच्या हिशेबात घेते. दोन हजार प्रमाणपत्रं छापणाऱ्या महाविद्यालयाला किंवा पाचशे व्हाउचर काढणाऱ्या दुकानाला ते परवडत नाही. शहरातल्या छापखान्यात त्याच यंत्रावर, बाजारात मिळणाऱ्या कागदावर, हवी तेवढीच छपाई होते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगीत झेरॉक्स, स्कॅनर आणि घरगुती प्रिंटर आले, आणि नक्कल करणाऱ्याला कागद करता येण्याची गरज उरली नाही. तो मूळ कागद काचेवर पालथा घालतो आणि बटण दाबतो. स्कॅनर कागदाकडे ठरलेल्या एकाच कोनातून पाहतो आणि परत आलेला प्रकाश मोजतो. पार गेलेला प्रकाश त्याला दिसत नाही, तिरक्या कोनातली चमकही दिसत नाही. त्यामुळे मुरलेली खूण आणि चमकणारी खूण या दोन्ही त्याच्या हातून निसटतात. मॅथिसनसारख्या कारागिरापुढे पांढऱ्या शाईची अक्षरं टिकली नसती. स्कॅनर वापरणाऱ्या हौशी फसवणाऱ्यापुढे ती जवळजवळ खऱ्या जलचिन्हाएवढंच काम करतात.

फरक राहतो तो साक्षीचा. खरं जलचिन्ह कागद कुठून आला हे सांगतं. छापलेलं जलचिन्ह एवढंच सांगतं की हा ताव काच आणि स्कॅनर यांतून आलेला नाही, छापखान्यातून आलेला आहे. ज्याला तो छापखाना आणि ती शाई मिळवता येते, त्याला ते अडवू शकत नाही.

तिकिटांच्या पाठीवर

तिकिटं जमवणाऱ्यांना जलचिन्हांचं वेड असतं, कारण दिसायला सारख्या दोन तिकिटांची किंमत कधी कधी पाठीमागच्या खुणेवर ठरते. ब्रिटिश हिंदुस्थानच्या १८६५ च्या तिकिटांच्या कागदात हत्तीचं डोकं होतं. पुढे त्याची जागा चांदणीने घेतली, आणि १९२० च्या दशकात नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छपाई सुरू झाली तेव्हा चांदण्यांचाच कागद होता. स्वातंत्र्यानंतर अशोकस्तंभ आला. ही सगळी खरी, गिरणीतली जलचिन्हं. ती पाहायला संग्राहक तिकीट काळ्या तबकडीत पालथं ठेवून त्यावर लवकर उडून जाणाऱ्या द्रवाचे थेंब टाकतात. द्रव पोकळ्यांत शिरतो, कागद पारदर्शक होतो आणि पातळ भागातून खालचा काळा रंग वर दिसतो. थोड्या वेळाने द्रव उडून जातो आणि तिकीट जसं होतं तसं राहतं.

छापलेली खूण वापरणाऱ्या टपाल खात्यांमध्ये स्वीडन लवकरचं. १८८६ पासून काही वर्षं तिथल्या तिकिटांच्या पाठीवर निळ्या शाईत पोस्टाचं शिंग छापलेलं असे. ते उजेडात धरायची गरज नव्हती; तिकीट उलटलं की दिसे. त्याहून मजेदार उदाहरण न्यूझीलंडचं. तिथल्या तिकिटांच्या कागदात ‘एनझेड’ ही अक्षरं आणि चांदणी असे. १९२५ साली अर्धा पेनी आणि एक पेनीची काही तिकिटं जलचिन्ह नसलेल्या कागदावर निघाली, आणि तीच अक्षरं व चांदणी लिथो पद्धतीने मागच्या बाजूला छापण्यात आली. शाई बहुधा निळसर होती. कुठे ती काळी उतरली, कुठे जवळपास रंगच राहिला नाही. तिकिटांच्या सूचीत हे सगळे प्रकार वेगवेगळे नोंदवलेले आहेत.

आणि एका ठिकाणी तर छापलेल्या खुणेला पर्यायच नव्हता. ऑस्ट्रेलियाने १९८८ मध्ये पहिली प्लास्टिकची नोट काढली आणि १९९६ पर्यंत तिथल्या सगळ्या नोटा प्लास्टिकच्या झाल्या. प्लास्टिकला तंतू नाहीत, लगदा नाही, त्यामुळे जुन्या अर्थाने जलचिन्ह अशक्य. या नोटेचा मूळ पापुद्रा पूर्ण पारदर्शक असतो. त्याच्यावर पांढऱ्या शाईचे थर चढवून तो कागदासारखा केला जातो आणि काही जागा तशाच मोकळ्या सोडून खिडकी साधली जाते. थर कमी-अधिक केले की उजेडात सावलीचं चित्र दिसतं. त्या मालिकेतल्या नोटा उजेडात धरल्या की इतर छपाईच्या खालून देशाचं राजचिन्ह दिसे. तंतूंच्या जाडीने जे काम सात शतकं केलं, ते इथे शाईच्या जाडीने केलं.

नकली नोटेची खिडकी

फसवणारे दोन जातींचे असतात. काहींकडे गिरणी असते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने बर्लिनजवळच्या झाक्सनहाउझेन छळछावणीत सुमारे १४० ज्यू कैद्यांना जुंपून बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा छापल्या. बेर्नहार्ड क्रूगर या अधिकाऱ्याच्या नावावरून ती मोहीम ऑपरेशन बेर्नहार्ड म्हणून ओळखली जाते. तिथे जलचिन्ह छापण्याचा प्रश्नच आला नाही. हानेम्यूले या नामांकित जर्मन गिरणीने जलचिन्हासह कागदच तयार केला. १३ कोटी पौंडांहून अधिक किमतीच्या नोटा निघाल्या. बँकेने १९४३ मध्ये दहा पौंड आणि त्यावरच्या नोटा काढणं बंद केलं. युद्ध संपताना ऑस्ट्रियातल्या टॉप्लिट्स तलावात बुडवलेल्या पेट्या १९५९ मध्ये पाणबुड्यांनी वर काढल्या.

काही जण दुसऱ्याचा खरा कागदच पळवतात. अमेरिकेत पाच डॉलरच्या नोटा धुऊन कोऱ्या करायच्या आणि त्यांवर शंभर डॉलर छापायचे, असा उद्योग चाले. पाचाच्या नोटेत लिंकन यांच्या चेहऱ्याचं जलचिन्ह होतं. घाईत पाहणाऱ्याला तो चेहरा शंभराच्या नोटेतल्या फ्रँकलिन यांचा वाटून जाई. मार्च २००८ मध्ये आलेल्या नव्या नोटेतून लिंकन यांचं जलचिन्ह काढून तिथे मोठा पाचाचा आकडा आणला गेला, तो यासाठीच.

बाकीच्या बहुतेकांच्या हाती गिरणी नसते आणि धुतलेला कागदही नसतो. ते शाईकडे वळतात. गांधीजींचा चेहरा कोऱ्या जागेत फिकट करड्या किंवा पांढऱ्या शाईने छापलेला असतो, नाहीतर तेलकट पदार्थाने उमटवलेला असतो. कधी दोन पातळ कागद चिकटवून मधल्या बाजूवर चित्र ठेवतात. ही खूण उघडी कशी पडते, हे एव्हाना लक्षात आलं असेल. खऱ्या जलचिन्हात गडद आणि फिक्या छटा एकमेकींत हळूहळू मिसळतात. छापलेल्या चेहऱ्याला कडा असतात आणि छटा मोजक्या असतात. खरं जलचिन्ह नोट टेबलावर सपाट ठेवली की जवळजवळ नाहीसं होतं. छापलेलं तिथेही अनेकदा दिसत राहतं. पांढऱ्या शाईचं चित्र उजेडात उजळ दिसण्याऐवजी गडद दिसतं, कारण तिथे प्रकाश अडतो. अतिनील दिव्याखाली नोटेचा कागद चमकत नाही. साधा बाजारी कागद निळसर उजळतो, आणि तेल किंवा शाईची जागा अनेकदा वेगळी उठून दिसते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत विद्रावकाचाही उपयोग होतो. त्याने ग्रीस विरघळतं आणि चित्र जातं. तंतूंची जाडी कुठल्याच विद्रावकाने बदलत नाही.

चेकचं छायाचित्र

भारतातल्या सामान्य माणसाच्या हातात नोटांखालोखाल जलचिन्हाचा कागद येतो तो चेकबुकातून. रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या ‘सीटीएस-२०१०’ मानकानुसार प्रत्येक बँकेच्या चेकच्या कागदात ‘सीटीएस-इंडिया’ हे शब्द असावे लागतात आणि ते उजेडात धरल्यावर दिसावे लागतात. कागदाने अतिनील दिव्याखाली चमकू नये आणि आम्ल, अल्कली किंवा ब्लीच लागलं तर त्याचा माग दाखवावा, अशीही अट आहे. बाकीचं काम शाईकडे दिलेलं आहे. बँकेचं बोधचिन्ह अदृश्य शाईत छापलेलं असतं आणि ते अतिनील दिव्याखालीच उजळतं. पार्श्वभूमीच्या रेषांत ‘व्हॉइड’ हा शब्द दडवलेला असतो आणि तो रंगीत झेरॉक्समध्ये वर येतो. म्हणजे एकाच तुकड्यावर गिरणीची साक्षही आहे आणि छापखान्याचीही.

हे मानक ज्या व्यवस्थेसाठी आलं ती ‘चेक ट्रंकेशन सिस्टिम’ (सीटीएस) दिल्लीत २००८ मध्ये, चेन्नईत २०११ मध्ये आणि मुंबईत एप्रिल २०१३ मध्ये सुरू झाली. तिच्यात चेकचा कागद पूर्वीसारखा बँकेकडून बँकेकडे फिरत नाही. तुम्ही ज्या शाखेत चेक भरता तिथेच तो थांबतो. पुढे जातात त्या त्याच्या तीन प्रतिमा, समोरची करड्या छटांतली, समोरची काळी-पांढरी आणि पाठीची काळी-पांढरी. पैसे देणाऱ्या बँकेतला अधिकारी सही, तारीख, रक्कम पडद्यावर पाहतो. कागदातला ‘सीटीएस-इंडिया’ त्या प्रतिमेत येऊ शकत नाही. झेरॉक्स यंत्राला चकवणारा गुण इथे राखणदारालाही चकवतो.

कायद्याने ही फट ओळखली आहे. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या १३१ व्या कलमातलं दुसरं स्पष्टीकरण सांगतं की चेक स्वतःकडे ठेवून त्याच्या प्रतिमेवर पैसे घेणाऱ्या बँकेने तो प्रथमदर्शनी खरा आहे का, आणि नेहमीची काळजी घेतली तर कळेल अशी फसवणूक किंवा खाडाखोड त्यात आहे का, हे तपासलं पाहिजे. म्हणजे चेक दिव्यासमोर धरायचा आणि अतिनील दिव्याखाली सरकवायचा तो कागद भरला गेला त्या शाखेतच, स्कॅनरमध्ये जाण्याआधी. मोठ्या रकमेचा चेक अनोळखी माणसाकडून घेणाऱ्या दुकानदारालाही यातलं अर्धं काम काउंटरवरच करता येतं. ‘सीटीएस-इंडिया’ ही अक्षरं ट्यूबलाइटसमोर दिसतात का आणि चेक टेबलावर ठेवल्यावर ती दिसेनाशी होतात का, हे त्याने पाहावं. टेबलावरही दिसत राहिली, तर ती गिरणीतून आलेली नाहीत.